पातेल्यातला केक

लंबूने पातेल्याच्या तळाशी जाड मिठाचा थर पसरला, त्यावर एक ताटली उपडी घातली आणि केकचं भांडं अलगद आत सोडलं. काका शेजारी कांदा चिरत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सगळंच कांद्याचं नव्हतं.

परदेशातली सहल, प्रवासी अठरा. कंपनी आपले आचारी बरोबर न्यायची. हॉटेलवाले मागचं एखादं स्वयंपाकघर द्यायचे आणि तिथे या दोघांनी रांधायचं. इथे शेगड्या दोन आणि ओव्हन नाही. ओव्हन नसतोच कुठे, म्हणून बावीस वर्षांत काकांनी केक-बिस्किटांचं नावही काढलं नव्हतं. आणि हा लंबू! कंपनीत येऊन चार महिने झाले नाहीत, तोवर याने पातेल्यात बिस्किटं भाजली, कढईवर परात पालथी घालून पाव केले. प्रवासी नुसते वेडे झाले होते.

काकांच्या अंगाचा तिळपापड होत होता. पुढच्या हंगामापासून एका सहलीला एकच आचारी, असं कंपनीत ठरलं होतं. दोघांतला कोण, हे बघायला मालक स्वतः याच सहलीत आले होते. काकांनी घरी बसायचं म्हणजे सुनेच्या राज्यात बसायचं. सून गुणी होती, पण सासऱ्याला साधा चहा करू देत नसे. "बाबा, तुम्ही आराम करा," म्हणायची. त्या आरामाची काकांना धडकी भरली होती.

बरं, लंबू उर्मट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. तो तर दर दहा मिनिटांनी विचारायचा, काका, मीठ बघता का, काका, आच बरोबर आहे ना. मानभावी मेला, काका मनात म्हणायचे. वाढायला लंबूच बाहेर जाई. मुख्य आचाऱ्याने पंगतीत मिरवू नये, असं काकांचं पहिल्यापासूनचं मत. पण दाराच्या काचेतून त्यांना सगळं दिसे. लंबू वाकून काहीतरी सांगायचा, लोक दाराकडे बघून हसायचे. एकदा तर टाळ्यासुद्धा वाजवल्या. म्हाताऱ्याला काही येत नाही, हेच सांगत असणार, दुसरं काय!

कालच बसमध्ये, दरवर्षी कंपनीबरोबर येणाऱ्या एका निवृत्त हेडबाईंनी त्यांना गाठलं होतं. "काय हो काका, इतकी वर्षं आम्हाला याचा पत्ताच लागू दिला नाहीत!" बाई हसत म्हणाल्या. म्हणजे यांच्या लेखी काकाच इतकी वर्षं नव्या माणसांच्या आड येत आले होते. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि आज चार वाजता, चहाला, केक. मालकांनी सकाळीच सांगितलं होतं की केक खाऊन काय ते बोलू.

लंबूने पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर ओलं फडकं, त्यावर खलबत्ता.

"काका, मी कप मांडून येतो. अर्धा तास झाकणाला कुणाला हात लावू देऊ नका. वाफ गेली की केक बसलाच म्हणून समजा."

"जा तू. मी आहे ना इथे."

लंबू गेला. काकांनी पंधरा मिनिटं इमानेइतबारे राखण केली. पातेल्यातून वास सुटला. हा केक बाहेर गेला की आपण संपलो, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी खलबत्ता उचलला, फडकं काढलं, झाकण उघडलं आणि सावकाश शंभर आकडे मोजले. मग सगळं होतं तसं ठेवून दिलं. कसलं समाधान वाटलं त्यांना! मागोमाग लाजही वाटली, पण ती त्यांनी कांद्याबरोबर चिरून टाकली.

चारला लंबूने झाकण काढलं. केक मधोमध खचला होता, आत ओला लगदा. लंबूने मधला भाग बोटाने दाबून पाहिला.

आच कमी पडली असेल, असं काका म्हणाले. असेल, माझंच चुकलं, असं लंबू म्हणाला. तो भांडं झाकून ठेवणार, एवढ्यात हेडबाई हौसेने आत आल्या आणि ते उचलून घेऊनही गेल्या. बाहेर आधी टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी चहात साखर जास्त झाल्याचा विषय काढला.

थोड्या वेळाने मालक बशी घेऊन आत आले. काकांनी हात पुसले आणि चेहरा शक्य तितका गंभीर केला. आता लंबूची हजेरी घेतली जाणार होती.

"काका, जरा बसा," मालक म्हणाले. त्यांना बोलायला जड जात होतं. "पहिल्या दिवसापासून लंबू सगळ्यांना सांगतोय, बिस्किटं काकांची, पाव काकांचा, मी फक्त हाताखाली. मी तर कागदावर तुमचंच नाव घालून आलो होतो. पण हा आजचा तुमचा केक... हात थकले हो तुमचे. आता घरी आराम करा."

"मालक, तो केक माझा होता," लंबू पुढे होऊन म्हणाला. "सगळं मीच करत होतो."

मालकांनी कौतुकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता. आणखी किती पाठीशी घालशील त्यांना?"