राणीच्या बहिणीचा पुतळा

ग्रीसच्या यवनांची गलबतं नाईल नदीने आमच्या मेरोई नगरीपर्यंत आली, तेव्हापासून आमच्या सिंहमुखी देवालासुद्धा दाढीवाल्या माणसाचं तोंड आलं. अमनिकाये राणी त्यांच्या मूर्तींवर लुब्ध होती. मी तिची आरसा धरणारी दासी.

गादीला वाटेकरी नको म्हणून राणीने सख्ख्या धाकट्या बहिणीला, मलेकयेला, जिवंत भिंतीत चिणलं. मग निकांद्र नावाच्या यवन शिल्पकाराकडून तिचा संगमरवरी पुतळा करवून घेतला. "हसरी कर," ती त्याला म्हणाली. "माझ्यासमोर कधी हसली नाही मेली."

पुतळा दरबारात उभा राहिला. राणीने माझ्या हातातला काशाचा आरसा घेतला आणि गंमत म्हणून त्या दगडी ओठांपुढे धरला.

आरशावर वाफ धरली.

तिने तो पदराने पुसून पुन्हा धरला. पुन्हा वाफ.

निकांद्र गुडघ्यांवर कोसळला. "राणीसाहेब, मी फक्त दगड घडवला हो!"

"मग रडतोस कशाला? अजून श्वास घेतेय ना, तर बुजव तिचं तोंड. तुझ्याच हातांनी."

त्याने हुंदके देत ओल्या चुन्याने पुतळ्याचं तोंड आणि नाकपुड्या लिंपल्या. राणीने आरसा धरून पाहिला. आता तो लख्ख होता.

"बघा, गप्प झाली!" ती टाळ्या पिटत ओरडली. सगळे हसले, कारण हसावंच लागे.

हसता हसता राणी माझ्याकडे वळली. "काजळ पसरलं का गं माझं? दाखव बघू."

मी आरसा तिच्या तोंडासमोर धरला.

"अगं, जवळ धर की!"

मी तो अगदी तिच्या ओठांपाशी नेला. ती खदखदून हसत होती, बोलत होती.

आरसा लख्खच राहिला.