नावावरची दोरी

भावनाने काळ्या पेनचं टोपण काढलं आणि फोटोतल्या हातावर एक जाड पट्टी ओढली. मग कागद लांब धरून पाहिला आणि खाली ठेवला.

हात कुंताबाई सलामेचा होता. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेली म्हणून जंगलखात्याच्या नाक्यावर तिला एक दिवस, एक रात्र खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं होतं. सुटून आली त्या सकाळी शेजारच्या रुपाने मोबाइलवर हा फोटो काढला. डाव्या मनगटाच्या जरा वर कुंताबाईचं नाव गोंदलेलं होतं, लग्नाआधी मंडईच्या जत्रेत गोंदून घेतलेलं. नायलॉनची दोरी नेमकी त्याच्यावरून गेली होती. आता पट्टीखाली नाव गेलं, आणि दोरीचा वळही गेला.

"हा तं कोनाचाबी हात झाला," कुंताबाई म्हणाली.

"नाव झाकायचं म्हटलं तर असंच होणार, मावशी." भावना वकील होती. सकाळीच कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याहून आली होती. "तक्रार करणाऱ्या बाईला मागाहून त्रास होऊ नये, म्हणून नाव गुप्त ठेवतात. अहवालात तुम्ही महिला क्रमांक चार."

"मंग एक नंबर कोन? आसगावची का?"

"ते मला सांगता येत नाही."

"तुले माहीत आहे तं तू सांगत नाहीस. नाक्यावाल्याले माहीत नाही तं तो कोनाचंबी नाव सांगत फिरते." कुंताबाई हसली. "तो कागद जाते कुठं, मनलं तू?"

"जिनिव्हाला. सगळ्या देशांची मिळून बायांच्या हक्कांची एक समिती आहे. ती आपल्या सरकारला विचारणार, आदिवासी बायांवर असं का होतं म्हणून."

"समितीत बाया आहेत का?"

"तेवीस जण आहेत. जास्त बायाच."

"त्यायनं मोहफुलं वेचली आहेत का कधी?"

"नसतील."

"मंग त्यायले कसं समजन, का पहाटेच काहून जा लागते? उजाडलं का ढोरं खाऊन टाकते."

"लिहिलंय. पान सात."

कुंताबाईने मान हलवली. सातवं पान तिला पसंत पडलं.

भावनाने पिशवीतून आणखी एक कागद काढला. नाक्याच्या साहेबाचं उत्तर होतं. तिनं ते वाचून दाखवलं. "सदर दिवशी कोणत्याही महिलेस नाक्यावर आणण्यात आलेले नाही." कागदाची घडी घालत ती म्हणाली, "याच्यासमोर आपल्याकडं हा एकच फोटो आहे. पट्टी ठेवली तर पुरावा नाही. पट्टी काढली तर तुमचं नाव उघडं. आणि शुक्रवारी हे पाठवायचं आहे."

कुंताबाईचा मुलगा कैलाश दारात उभा राहून ऐकत होता.

"फोटोच नका लावू, मॅडम," तो म्हणाला. "उन्हाळ्याचे चार महिने मी त्याच नाक्यावर जंगलाच्या आगीच्या राखणीले जातो. नाव दिसलं का मले घरी बसवतीन. लेकराले काय खाऊ घालू? आन् झालं तरी काय असं? त्या दिवशी मी आगीवर दूर जंगलात होतो, पण मायले नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं, सोडून देलं."

भावनाने कुंताबाईकडे पाहिलं. कुंताबाई चुलीकडे पाहत होती.

खाटेवर फोटोची दुसरी प्रत पडली होती, पट्टी न मारलेली. कैलाशने ती उचलली. मग आईच्या मनगटाकडे पाहिलं.

"हात चुलीवर भाजला मने तू. फडकं गुंडाळून होतीस महिनाभर."

"मंग काय सांगू?" कुंताबाई म्हणाली. "तुले तिथंच कामाले जा लागते. रोज त्यायचं तोंड पाहा लागते."

कैलाशने फोटो जिथून उचलला होता तिथंच ठेवला. बाहेर जायला वळला, पण गेला नाही.

भावनाने संमतीचा कागद पुढे केला. त्यावर दोन चौकोन होते. "पहिल्यात खूण केली तर नाव गुप्त राहील. दुसऱ्यात केली तर नाव उघड करायला तुमची हरकत नाही. घाई नाही, मावशी. मी दुपारच्या गाडीपर्यंत आहे."

"दुपारपर्यंत कायले?" कुंताबाईने कैलाशकडे एकदा पाहिलं. तो खाली बघत होता. तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली.

मग सहीसाठी तिनं डावा हात कागदाशेजारी उताणा ठेवला. साक्षरतेच्या वर्गात ती लिहायला शिकली ती या हाताकडे बघून, आणि सही अजून तशीच करायची. एक अक्षर हातावर बघायचं, एक कागदावर काढायचं. दोरीनंतर सहीची वेळ आजच आली होती. कुं झाला. ता झाला. तिथं पेन थांबलं. हातावरच्या तिसऱ्या अक्षरावरून पांढरा वण आडवा गेला होता आणि त्याखाली काहीच उरलं नव्हतं.

कुंताबाईने हात उजेडाकडे वळवून पाहिला.

भावना सांगायला पुढे वाकली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बा," कैलाश म्हणाला. "बा लिही, माय."