ज्योत पेटेपर्यंत

"ज्योत पेटेपर्यंत सुपारी न्हाई," भागूबाईनं टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, आणि उठू लागलेले पाहुणे पुन्हा सतरंजीवर बसले.

सकाळचे साडेआठ झाले होते. कल्याण आणि त्याचे दोन भाऊ साखर कारखान्याच्या तळावरून जीप करून पाथर्डीजवळच्या या वाडीवर आले होते. सोबत भागूबाईचा लेक वैजनाथ होता. काम तसं तासाभराचं. कल्याणच्या लेकासाठी, ओंकारसाठी, वैजनाथच्या सुकन्याची सुपारी फोडायची, परवा हळद लावायची आणि पोरीला घेऊन परत उसाच्या फडात जायचं. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ओंकार एकटा, म्हणजे अर्धा कोयता.

सुकन्या पंधरा वर्षांची होती. दहावीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. तो विषय कोणी काढत नव्हतं.

पण सुपारी घरातल्या थोरल्या माणसाच्या हातूनच पुढं यायला हवी. त्याआधी बोलणी सुरू करणं म्हणजे त्या घराचा अपमान. आणि थोरली भागूबाई तर पान-सुपारीची चंची मांडीखाली घेऊन टीव्हीपुढं ठाण मांडून बसलेली. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. पोरीला साडी नेसवायला शेजारची कडूबाई आलीय, तवर बसा, असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

टीव्हीवर बर्फातल्या ऑलिंपिक खेळांचा उद्घाटन सोहळा चालू होता. म्हातारीचं हे वेड वाडीला ठाऊक होतं. चार वर्षांनी हे खेळ आले की तिला जेवणाची शुद्ध नसे. जन्मभर तिनं ढेकळं आणि उसाची खोडकं तुडवली होती. माणूस पाय न उचलता नुसता घसरत पुढं जातो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली होती. लेक-सून दर दिवाळीनंतर ऊस तोडायला गेले की घरात ती आणि सुकन्या दोघीच. नातीनं तिला झेंडे ओळखायला शिकवले होते.

"ह्यो बघा, ह्या देसाचा एकच गडी आलाय," ती पाहुण्यांना सांगत होती. "एकटाच झेंडा घेऊन चाललाय. पर चालतोय कसा, बघा."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

एक तास गेला. चहा दोनदा झाला. कल्याणनं बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, मग टीव्हीकडं.

"मावशी, तिकडं अंधार कसा वो? आपल्याकडं तर ऊन पडलंय."

"तिकडचं घड्याळ मागं चालतंय, बाबा. ह्ये आत्ताच चाललंय. चार वर्सांनी येकदा येतंय, हुकलं की हुकलं."

 वैजनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आईला हळूच दटावून पाहिलं, पण तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. फोनवर लग्नाचं सांगितलं तेव्हा ती फक्त "या" म्हणाली होती. भांडेल, रडेल, असं वाटलं होतं त्याला. निदान परीक्षेचं तरी बोलेल. काही नाही. तिच्या होकारानं त्याचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नव्हतं.

आतून बांगड्या वाजल्या. तो दाराजवळ गेला. चार महिने त्यानं पोरीला पाहिलं नव्हतं.

"वेणी ऱ्हायलीय अजून," कडूबाईनं आतून सांगितलं.

साडी नेसताना बापानं आत जायचं नसतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे पोरीच्या नजरेला नजर द्यायची त्याची छाती नव्हती. तो मागं येऊन बसला.

मग भारताचा झेंडा आला. भागूबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. म्हातारी उभी राहिली म्हटल्यावर पाहुण्यांनाही उठावं लागलं. एवढ्या मोठ्या देशाची मोजकीच माणसं हात हलवत गेली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाहून वैजनाथ आतून पेटला. परक्या मुलखात चालणाऱ्या अनोळखी पोरांसाठी हिला रडू येतं, आणि नातीसाठी एक शब्द नाही!

"आये, बास आता. लोकं खोळंबलीत."

"बसू दे की. पोरगी न्यायची म्हंजी येवढं बसाया नको?"

भाषणं झाली, गाणी झाली. बसल्या जागी तिचा हात सारखा शेजारच्या रिकाम्या गोधडीवर फिरत होता. साडेदहाच्या सुमारास तिचा मोबाईल वाजला. तिनं कानाला लावला, ऐकलं, "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला. मशाल अजून मैदानातच होती. तरी तिनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"झालं माझं," ती म्हणाली. "वैजा, बोलाव पोरीला."

वैजनाथनं दार ढकललं. कॉटवर कडूबाई एकटीच बसली होती. नवी साडी घडी न मोडता तिच्या मांडीवर होती. त्यानं खोलीचा कोपरान् कोपरा पाहिला. मग मागं वळला. कल्याण दारात येऊन उभा होता. भागूबाई मात्र जागची हलली नव्हती.

"सोहळा रातीच झाला, वैजा," ती म्हणाली. "सुकन्यानं न् म्या जोडीनं बघितला, आन् मग तिला शाळेतल्या बाईंसंगं नगरच्या पहिल्या एष्टीत बसवलं."