मिठागरातली क्षेपणास्त्रं

मिठागराचं फाटक जेमतेम एक माणूस शिरेल एवढंच उघडलं.

“एकालाच आत सोडेन,” लेफ्टनंट म्हणाला.

सरपंच चिन-शुईने मागेपुढे न बघता पी-श्याला पुढे केलं. “तू जा, वहिनी. आम्ही नुसते बोंबलतो. तुझं रडणं खरं आहे.”

ती आत गेली. कालवं फोडताना घालायचे रबरी हातमोजे अजून तिच्या हातातच होते. सकाळी ओहोटीला समुद्रात उतरलेली बाई तशीच मोर्चात आली होती.

गेल्या आठवड्यात गावाबाहेरच्या बंद पडलेल्या मिठागरात लष्कराचे दोन ट्रक येऊन उभे राहिले होते. वर हिरवी जाळी, जाळीखाली जाडजूड नळकांडी. अमेरिकेकडून विकत घेतलेली क्षेपणास्त्रं आली, ही बातमी दुपारपर्यंत घरोघरी पोचली. तेव्हापासून गावाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. समुद्रापलीकडे चीन. तिकडून पहिला मारा कशावर होणार, हे तैवानच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पी-श्याचा नवरा तिएन-फू अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेला. आसरा घ्यायचं तळघर शाळेखाली. हवाई हल्ल्याच्या मागच्या सरावात भोंगा झाला तेव्हा ती त्याला उचलून चाकांच्या खुर्चीत बसवायला लागली, आणि त्याचा लुळा पाय खुर्चीत घेईपर्यंत सराव संपलासुद्धा. “खरोखरचं झालं तर तू पळ,” तो तेव्हा म्हणाला होता. मघाशी फाटकाबाहेर हे सांगताना ती टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर हमसून हमसून रडली. कॅमेरेवाल्यांना चिन-शुईनेच शहरातून बोलावून आणलं होतं. ‘क्षेपणास्त्रं हलवा’ असं लिहिलेलं भलंमोठं कापडही त्यानेच दर्याची देवी माझूच्या देवळावर टांगलं होतं.

लेफ्टनंट कुओ तिच्या मुलाच्या वयाचा होता. त्याने खुर्ची पुढे केली. “बसा, मावशी. चहा घ्या.”

“चहा नको. हे इथून घेऊन जा.”

“माझ्या हातात काही नाही.”

“तुमच्या हातात नाही, तर कुणाच्या? माझा माणूस पळू शकत नाही रे बाबा! डोंगरात न्या, रानात न्या, माझ्या दारात कशाला?”

तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. पलीकडची विमानं. हल्ली रोज यायची. आज मात्र पी-श्याचं भान सुटलं. कुओने हात आडवा घालायच्या आत ती ट्रककडे धावली आणि जाळीत हात घालून नळकांड्यावर मुठी आपटायला लागली. “न्या! न्या हे!”

ढप. ढप.

तिच्या मुठी थांबल्या. कालवांचे तराफे ज्यांवर तरंगतात, ती रिकामी पिंपं असाच आवाज करतात. तिने पुन्हा एकदा हळूच ठोकून पाहिलं. रंगाचा पोपडा निघून हातमोज्याला चिकटला. खाली प्लायवूड होतं.

ती वळली. लेफ्टनंटचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मावशी, पाया पडतो, ओरडू नका.”

“खरी कुठायत?”

“मागवलीत. अजून अमेरिकेतून निघालेली नाहीत. दुसरीकडे लढाया चालू आहेत, आधी त्या गिऱ्हाइकांना देतायत.”

“मग ही कशाला?”

कुओ मान खाली घालून म्हणाला, “पलीकडच्यांना वरून, उपग्रहातून सगळं दिसतं. इथे काहीतरी आहे असं वाटलं तर यायच्या आधी दहादा विचार करतील.”

“आणि नाही केला विचार, तर?”

त्याने तिच्या हातमोज्यावरचा पोपडा काढून खिशात घातला. हा पोरगाही रोज रात्री याच लाकडाशेजारी झोपतो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

आजवर तिला भीती होती ती दारात क्षेपणास्त्रं असल्याची. आता कळलं, की ती दारात काय, अख्ख्या किनाऱ्यावर कुठेच नाहीत. बाहेर जाऊन खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ट्रक हलतील. तिएन-फूच्या डोक्यावरचं संकट टळेल. आणि तेवढ्याच वेळात पलीकडेही कळेल, की इथे सगळं लाकूड आहे.

ती फाटकाबाहेर आली. माणसांनी तिला गराडा घातला. कॅमेरा तोंडाशी आला.

“काय म्हणाले? हलवतायत का?”

“नाही.” तिचा आवाज चिरकला. “आणि कुणी कुंपणाजवळ जाऊ नका. पोरांना आवरा. मी... मी जवळून बघितली. फार भयंकर आहेत.”

एक म्हातारी मोठ्याने रडायला लागली. चिन-शुईने मूठ उंचावून घोषणा दिली, गावाने ती उचलून धरली. बराच वेळ आरडाओरडा चालला. मग कॅमेरेवाले निघून गेले आणि माणसं एकेक करत पांगली.

बांधावरून पी-श्या घराकडे निघाली. तिएन-फूला आता काय सांगायचं? त्याच्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती. मागून चिन-शुई झपाझप आला आणि तिच्याबरोबर चालू लागला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने विचारलं, “पोकळ वाजतं ना?”

ती जागच्या जागी थिजली.

“ते ट्रक आले त्याच दिवशी, कुंपण पडायच्या आधी, मी ठोकून बघितलं होतं,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं? मग मोर्चा कशाला काढलास? टीव्हीवाले कशाला आणलेस? मला कशाला रडवलंस सगळ्यांसमोर?”

चिन-शुईने समुद्राकडे पाहिलं. दिवसभर घोषणा देऊन त्याचा घसा बसला होता.

“वहिनी, आपणच घाबरलो नाही, तर त्यांना ती खरी कशी वाटतील?”