विजेटचा पहिला धडा

शाळेपासून सगळ्या मैत्रिणी तिला काडी म्हणायच्या आणि पन्नाशीतही ते नाव तिने जिवापाड जपलं होतं. शाळेच्या मेळाव्यात जो तो तिच्या निळ्या ड्रेसचं कौतुक करायला लागला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आपल्या शिवणवाल्या मैत्रिणीकडे ढुंकूनही न बघता ती म्हणाली, "अगं, तयारच घेतलाय. अठ्ठावीस कंबर असली की कुठलाही ड्रेस अंगाला बसतो."

शिवणवालीने तो ड्रेस दोनदा उसवून, आठ दिवस मान मोडून शिवला होता. त्या दिवशी ती नुसती हसली.

रविवारी चौघी मैत्रिणी शिवणवालीच्याच दुकानात जमल्या. काडीने सगळ्यांच्या फोनवर एक विजेट बसवून दिलं. "एकीने इथे बोटाने लिहिलं, की चौघींच्या फोनवर समोरच दिसतं. काही उघडायलासुद्धा नको." मग शिवणवालीकडे वळून, बालवाडीतल्या पोराला समजवावं तशी म्हणाली, "तुला जमेल ना गं? नाहीतर नुसता एखादा आकडा लिहून बघ."

शिवणवालीने मापांची वही काढली, निळ्या ड्रेसचं पान उघडलं आणि फोनवर चांगलं ठळक लिहिलं: ३८.

"अडतीस? हे काय गं?" दोघी एकदमच म्हणाल्या. काडीने पोट आत ओढलं.

"पूस ते! आधी पूस!"

शिवणवालीने शांतपणे सुईत दोरा ओवला.



"लिहायचं तेवढं शिकवलंस बाई. पुसायचं कुठे शिकवलंयस अजून?"