उलटं फिरणारं चाक

"पुन्हा!" श्रीराम दामल्यांनी माउस टेबलावर आपटला.

चाक खाली फिरवलं की पान वर पळत होतं. बाण तर चिखलातून चालल्यासारखा सरकत होता. गेल्याच आठवड्यात अनयाने येऊन सगळं ठीकठाक केलं होतं. आज पुन्हा तेच.

दामल्यांची उभी हयात फिनिक्सजवळच्या चँडलरच्या चिप फॅक्टरीत गेली, विंडोजवर. घरचा जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात बंद पडला, तेव्हा अनयाने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, हा मॅक आणून बसवला.

"बाबा, याच्यावर स्क्रोलिंग उलटं असतं, फोनसारखं. यू विल गेट यूज्ड टु इट."

"मी का सवय करून घ्यायची? त्याला सरळ कर."

तिने दोन क्लिकमध्ये ते सरळ केलं. काही अडलं तर तिला तिच्या घरून बघता येईल म्हणून आणखीही काहीतरी घातलं. दामल्यांनी नुसतं हुं केलं. पण आठ-दहा दिवसांत चाक आपोआप उलटं झालं, आणि मग वरचेवर होऊ लागलं.

सेटिंग कुठे असतं ते दामल्यांना ठाऊक होतं. पण बिघाड वरवर पुसून टाकायचा नाही, आहे तसा ठेवायचा आणि ज्याने मशीन बसवलं त्याला बोलवायचं, हा फॅक्टरीतला शिरस्ता. त्यांनी मुलीला फोन लावला.

"झालंय पुन्हा."

एवढं बोलून ठेवला.

फिनिक्सच्या पार दुसऱ्या टोकाहून अनया ड्राइव्ह करत आली. माउस ठीक केला, चहा टाकला, आईच्या, वीणाच्या, कढीपत्त्याला पाणी घातलं. बीपीची गोळी घेतली का, विचारलं. मग कप धुता धुता म्हणाली, "बाबा, तू काही टच केलं नव्हतंस ना?"

"नाही."

"शुअर?"

दामल्यांच्या कपाळाची शीर उडाली. या "शुअर"चा अर्थ त्यांना चांगला कळत होता. त्यांचा मित्र प्रताप असाच आधी गॅरेजचं रिमोट विसरायला लागला. मुलांनी प्रेमाने असेच प्रश्न विचारले. वर्षाच्या आत घर विकलं आणि त्याला ज्येष्ठांच्या वसाहतीत एका खोलीत नेऊन ठेवलं. आता तो खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसतो. आणि गेल्या दिवाळीत इथेच, याच टेबलाशी अनया म्हणाली होती, "धिस हाउस इज टू बिग फॉर यू, बाबा." दामले ते विसरले नव्हते. विसरण्यातले ते नव्हतेच!

नव्हते ना? ती गेल्यावर हाच विचार त्यांचं डोकं पोखरू लागला. आपणच झोपेत उठून बटणं दाबतो की काय? संतापाने त्यांना जेवण गेलं नाही.

आणि हिला बरी सवड मिळते आता यायला. फोन हे खातं वीणाचं होतं. मायलेकी तासन्‌तास बोलायच्या आणि दामले सोफ्यावरून ओरडायचे, "माझाही हॅलो सांग." वीणा गेल्यावर अनया काही दिवस रोज फोन करत होती. "काही काम होतं का?" दामले विचारायचे. काम नसायचं. मग ते फोन हळूहळू बंद पडले. तेव्हा कुठे होती ही माया? आता घर दिसायला लागल्यावर बरी उतू चालली आहे!

या वेळी त्यांनी ठरवलं, मूळ शोधायचंच. फॅक्टरीत मशीनसमोर बसायचे तसे ते दुपारी स्क्रीनसमोर खुर्ची टाकून हात बांधून बसू लागले. माउसला बोटही लावायचं नाही.

तिसऱ्या दुपारी बाण हलला.

एकटाच. वर कोपऱ्यात गेला, सेटिंग उघडलं, चाक उलटं केलं, स्वतःचा वेग पार खाली ओढला आणि खिडकी बंद करून गप्प बसला.

दामल्यांच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे डोकं शाबूत होतं. चोर बाहेरचा होता. बाहेरचा तरी कसा म्हणायचा?

त्यांनी फोन लावला. "झालंय पुन्हा. ये."

अनया डबा घेऊन आली. "बाबा, आज मेथीचे पराठे आणले..."

"बस तिथे." दामले उभेच होते. "बाण आपोआप चालला. मी डोळ्यांनी पाहिलं. लांबून यात कोण शिरू शकतं?"

अनयाने डबा छातीशी धरला.

"तू?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो, बाबा."

"लाज नाही वाटत? बापाला वेडा ठरवायला निघालीस! माणसाला स्वतःच्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा करायचा, मग घर विकायचं आणि प्रतापसारखं नेऊन टाकायचं. हेच ना?"

"घर?" ती खरोखरच गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. "घराचं काय मध्येच?"

"मग कशासाठी केलंस हे? बोल! कशासाठी?"

अनयाने डबा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज बापासारखाच चढला.

"बाबा, दुसऱ्या कशासाठी तू मला फोन केला असतास?"