तळहातांचा तिरंगा

अंगणवाडीच्या फरशीवर पसरलेल्या कागदावर मुलांच्या तळहातांचा तिरंगा उमटत होता. केशरी हात उमटून झाले होते; रंजनाबाई आता एकेका चिमुकल्या हाताला हिरवा रंग लावत होत्या. यंदा पंधरा ऑगस्टची तयारी दुसरं कुणी करील, असं गावानं सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं.

चार वर्षांच्या ईश्वरीनं हात पुढे केला. “बाई, तुमच्या फौजी दादाला गावात आणलं, तवा त्याच्या अंगावर ह्योच झेंडा व्हता ना?”

मदतनीस चरकली. “गप गं!”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “व्हय, ह्योच.”

“त्याला थंडी वाजत व्हती?”

बाईंचा हात थांबला. मुलगा गेल्यापासून सात महिने लोक त्यांना अभिमान बाळगायला सांगत होते. तो शेवटी गारठला असेल का, हे त्यांच्याखेरीज कुणाच्या मनात आलं नव्हतं.

“वाजत असंल गं. तिकडं बर्फ व्हता.”

पहिल्यांदाच त्यांना सगळ्यांदेखत रडू फुटलं. मुलं भोवती गोळा झाली. मग त्यांना जवळ बसवून, तो लहानपणी गोधडी कशी डोक्यावरून ओढून झोपायचा, ते बाई सांगू लागल्या.